पेशींकडून उसनी घेतलेली ओळख

कोल्हापूर जिल्ह्यातील आमच्या गावच्या दूध संस्थेत माझे वडील, म्हणजे आण्णा, बारा वर्षे सचिव होते. त्या काळातील एक सकाळ मला अजून स्पष्ट आठवते. आमच्या संस्थेचे दूध ज्या टँकरमध्ये गेले होते तो टँकर पुढच्या केंद्रावर अडवला गेला, कारण तिथल्या तपासणीत दुधात प्रतिजैविकाचा अंश आढळला होता. शोध घेता घेता गोष्ट आमच्याच गल्लीतील एका म्हशीपर्यंत आली. तिला दगडी, म्हणजे कासेचा दाह, झाली होती, डॉक्टरांनी सडात औषधाची ट्यूब सोडली होती आणि पुढचे काही दिवस तिचे दूध संस्थेत घालू नका असे बजावलेही होते. पण घरातील मोठी माणसे लग्नाला गेली होती आणि मागे राहिलेल्या मुलाने नेहमीप्रमाणे किटली भरून संस्थेत आणून ओतली. आण्णांनी तपासणीची ती पट्टी घरी आणली आणि मला दाखवून विचारले, “एवढ्याशा कागदाला कसं कळलं गं?” मी तेव्हा सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकत होते आणि मला त्या प्रश्नाचे नीट उत्तर देता आले नाही.

उत्तर पुढे मिळाले, आणि ते मिळाल्यापासून हा विषय माझ्या मनातून गेलेला नाही. जिवाणू आपल्या पेशीभोवतीची भिंत सतत बांधत आणि डागडुजी करत असतात. या कामात गवंड्याची भूमिका करणारी काही प्रथिने त्यांच्या पेशीपटलावर असतात. पेनिसिलिनचा रेणू त्या भिंतीत बसवायच्या तुकड्याशी इतका मिळताजुळता असतो की गवंडी फसतो, पेनिसिलिन हातात धरतो आणि ते त्याच्या हाताला कायमचे चिकटून बसते. भिंत अर्धवट राहते आणि जिवाणू फुटून मरतो. हे साम्य टिपर आणि स्ट्रोमिंजर या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडले होते. दुधाच्या पट्टीत नेमके हेच प्रथिन, जिवाणूतून बाहेर काढून, सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना बांधलेले असते. शास्त्राच्या काटेकोर भाषेत ही प्रथिने विकरे (एन्झाइम) आहेत, परंतु दुग्धव्यवसायात त्यांना सरसकट रिसेप्टर, म्हणजे विशिष्ट रेणू ओळखून धरणारी प्रथिने, म्हणतात आणि या लेखापुरता मीही तोच शब्द वापरते.

पट्टीची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण ती बहुतेकांच्या अपेक्षेच्या उलट वागते. पट्टीवर एका ठिकाणी पेनिसिलिनसारख्या औषधाची रेघ आधीच अदृश्य स्वरूपात ओढलेली असते. दूध स्वच्छ असेल तर सोन्याला बांधलेले रिसेप्टर मोकळ्या हातांनी त्या रेघेपर्यंत पोहोचतात, तिला धरतात आणि तांबूस रेघ उमटते. दुधात आधीच औषध असेल तर त्यांचे हात वाटेतच भरून जातात, रेघेला धरायला कोणी उरत नाही आणि ती फिकट पडते किंवा उमटतच नाही. म्हणजे रेघ दिसली तर दूध चांगले, आणि न दिसली तर टँकर परत. संस्थेतील नवीन माणूस पहिल्या दिवशी हे हमखास उलटे समजतो.

या ओळखीची बारकाई किती आहे ते एका हिशेबाने सांगते. दुधातील पेनिसिलिन-जीची मर्यादा युरोपीय संघाने आणि कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाने किलोमागे ४ मायक्रोग्रॅम अशी ठरवली आहे. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये ही मर्यादा गाठायला अवघे ४० मिलिग्रॅम पेनिसिलिन पुरते, म्हणजे चिमूटभर मिठाहूनही कितीतरी कमी. एका सडात भरल्या जाणाऱ्या औषधाचा थोडासा भागही त्यासाठी पुरेसा आहे. हे केवळ कागदावरचे नियम नाहीत. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या माणसाला त्याचा त्रास होऊ शकतो, आणि दही व चीज बनवणाऱ्यांना तर त्याचा फटका लगेच बसतो, कारण विरजणातील जिवाणूच मरतात आणि दही लागत नाही. ज्या प्रथिनामुळे जिवाणू पेनिसिलिनला बळी पडतो, तेच प्रथिन आज विरजणाचे रक्षण करते.

हे सगळे एकदा आण्णांना सविस्तर सांगितले, तेव्हा त्यांनी लगेच दुसरा प्रश्न विचारला: “मग पट्टीत ते जंतू जिवंत असतात काय?” त्यांना ठाऊक नव्हते, पण त्यांनी या संपूर्ण विद्येच्या मर्मावर बोट ठेवले होते. पट्टीत जंतू नसतात, फक्त त्यांचा एक अवयव असतो. पेशीकडून उसने घ्यायच्या मात्र दोन गोष्टी असतात. एक म्हणजे ओळख: लाखो रेणूंच्या गर्दीत नेमका एक रेणू हेरून धरणे. दुसरी म्हणजे आरोळी: तो रेणू धरला गेल्यावर पेशीच्या आत काही क्षणांत उठणारा कल्लोळ, ज्यामुळे एका रेणूची बातमी हजारपटीने मोठी होते. पट्टीने ओळख घेतली आणि आरोळीच्या जागी सोन्याचा रंग बसवला. काही संशोधकांनी दोन्ही घ्यायचे ठरवले, म्हणजे अख्खी जिवंत पेशीच संवेदक म्हणून वापरायची. कोणत्या उद्योगात काय चालले आणि काय अडले, हे माझ्या मते या एका निवडीवरून बहुतांशी समजते.

जिवंत पेशीच्या वाटेवरील मला सर्वांत आवडलेले उदाहरण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील आहे. एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत टॉड रायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातील बी पेशींचा उपयोग रोगजंतू ओळखण्यासाठी केला आणि २००३ मध्ये ते काम ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. बी पेशी म्हणजे प्रतिपिंडे (अँटिबॉडी) बनवणाऱ्या पेशींचे मूळ. प्रत्येक बी पेशीच्या पृष्ठभागावर एकाच साच्याची सुमारे एक लाख प्रतिपिंडे रिसेप्टर म्हणून रोवलेली असतात. जंतूच्या अंगावर एकच खूण अनेक ठिकाणी असते. त्यामुळे जंतू पेशीला भिडला की एकाच वेळी अनेक प्रतिपिंडे त्याला धरतात, ती एकमेकांजवळ खेचली जातात आणि काही सेकंदांत पेशीच्या आतील कॅल्शियमची पातळी उसळते. शरीरात ही उसळी म्हणजे युद्धाची पहिली हाक असते. रायडर यांच्या गटाने बी पेशींमध्ये दोन जनुकीय बदल केले: त्यांना हव्या त्या जंतूचे प्रतिपिंड धारण करायला लावले, आणि कॅल्शियम लागताच निळा प्रकाश देणारे इक्वोरिन हे प्रथिन त्यांच्या आत तयार होईल अशी सोय केली.

इक्वोरिनची कथा इथे थांबून सांगायलाच हवी. ओसामू शिमोमुरा हे जपानी रसायनशास्त्रज्ञ १९६१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील फ्रायडे हार्बर येथे इक्वोरिया जातीच्या जेलीफिशचा प्रकाश कशातून येतो हे शोधत होते. त्या उन्हाळ्यात सुमारे दहा हजार जेलीफिश पकडून त्यांच्या कडा कापण्याचे काम चालले होते. प्रकाश टिकवून काढायचा कसा हे बरेच दिवस उमजत नव्हते. एके दिवशी प्रयोगातून उरलेला अर्क त्यांनी बेसिनमध्ये ओतला आणि बेसिन निळ्या प्रकाशाने लखलखले, कारण मत्स्यालयातून वाहून आलेले समुद्राचे पाणी त्यात येत होते आणि त्या पाण्यात कॅल्शियम होते. तेव्हापासून इक्वोरिन हे कॅल्शियमचे सूचक म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि त्याच जेलीफिशमध्ये त्यांना सापडलेल्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या शोधाबद्दल शिमोमुरा यांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. समुद्रातील प्राण्याचा प्रकाश आणि सस्तन प्राण्याच्या रक्तपेशीची ओळख एकाच पेशीत एकत्र आली, तेव्हा जंतू भिडताच उजळणारी पेशी तयार झाली.

या तंत्राला त्यांनी कॅनरी असे नाव दिले. कोळशाच्या खाणीत विषारी वायूची आगाऊ सूचना मिळावी म्हणून पूर्वी कॅनरी पक्षी नेत असत, आणि ब्रिटनने ती प्रथा बंद करायचे ठरवले ते थेट १९८६ मध्ये. नाव समर्पक आहे, कारण इथेही आपण आपल्याहून अधिक संवेदनशील अशा एका जिवावर विसंबतो. २००३ च्या लेखातील निष्कर्ष असा होता की प्लेगचे अवघे पन्नास जिवाणू असले तरी तीन मिनिटांच्या आत प्रकाश दिसतो. त्या काळी जनुकीय पद्धतीने हीच तपासणी करायला याहून कितीतरी अधिक वेळ लागे, आणि जंतू वाढवून ओळखायचे म्हटले तर एक-दोन दिवस जात. घाईचे कारणही उघड होते. २००१ च्या शरद ऋतूत अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सचे बीजाणू पाठवले गेले होते. त्यात पाच माणसे दगावली आणि सतरा आजारी पडली. पत्र उघडणाऱ्या माणसाला दोन दिवसांनी मिळणारे उत्तर उपयोगाचे नसते.

पुढे हे तंत्र बाल्टिमोर येथील पाथसेन्सर्स या कंपनीकडे आले आणि त्याचा वापर टपाल व इमारतींच्या हवेच्या तपासणीपलीकडे, अन्नातील रोगजंतू आणि वनस्पतींचे रोग यांच्याकडे वळवण्यात आला. यात मला नेहमी एक गोष्ट लक्षणीय वाटते. युद्ध आणि दहशतवाद यांच्या भीतीतून उभी राहिलेली यंत्रणा शेतीकडे वळवताना यंत्रात जवळपास काही बदलावे लागत नाही. पेशी तीच, प्रकाश तोच, फक्त पृष्ठभागावरील प्रतिपिंडाचे जनुक बदलायचे. मूळ काम नेमके ‘जंतू ओळखणारी पेशी’ असे नसून ‘जो हवा तो जंतू ओळखायला शिकवता येणारी पेशी’ असे होते, आणि अनेक उद्योगांत ते जाऊ शकले ते याच गुणामुळे.

वनस्पतिरोगांपैकी फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूचे नाव वाचले की आपल्याकडच्या वाचकाला संत्री आठवायला हवीत. वरूड, मोर्शी, काटोल या पट्ट्यातील संत्राबागांमध्ये जो डिंक्या रोग होतो, ज्यात झाडाच्या बुंध्यातून डिंक ओघळतो, साल कुजते आणि काही वर्षांत बाग वाळते, तो फायटोफ्थोरामुळेच. कोकण-गोव्यातील सुपारीचा कोळेरोग हाही त्याच कुळातला. संत्र्याच्या बाबतीत खरा प्रश्न बागेत नसून रोपवाटिकेत असतो. जंबेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटावर डोळा भरलेले कलम वरून हिरवेगार दिसते, पण पिशवीतील मातीत आणि मुळांत रोग आधीच बसलेला असू शकतो, आणि शेतकरी पैसे मोजून तो आपल्या शेतात घेऊन येतो. फळ लागायला पाच वर्षे जाणार असतील, तर कलम विकत घेतानाच काही मिनिटांत उत्तर देणारी तपासणी केवढ्या मोलाची ठरेल! कॅनरीसारखे तंत्र विदर्भातील रोपवाटिकेच्या फाटकावर आणता येईल का, हा प्रश्न मी गेली काही वर्षे मनात बाळगून आहे, आणि त्याचे उत्तर देताना मला दोन ठिकाणी अडखळायला होते.

पहिली अडचण नमुन्याची. हजार कलमांतून दहा पिशव्यांची माती तपासली आणि ती स्वच्छ निघाली, तर उरलेल्या नऊशे नव्वद पिशव्यांबद्दल पेशी काहीच सांगत नाही. संवेदक कितीही तल्लख असला तरी नमुना कसा घ्यायचा याची शिस्त माणसालाच पाळावी लागते. दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे आणि ती आण्णांच्या प्रश्नाशी येऊन भिडते: या पेशी जिवंत असतात. सस्तन प्राण्याची पेशी ही लाडावलेली पेशी असते. तिला ठरावीक तापमान, ठरावीक क्षार आणि अन्न लागते, आणि वापरापूर्वी इक्वोरिनला लागणारे सिलेंटेराझिन तिला आधी द्यावे लागते. इक्वोरिनचा प्रत्येक रेणू एकदाच प्रकाशतो, म्हणून पेशींचा एक हप्ता एकदाच उत्तर देतो. वरूडच्या मे महिन्यात, भारनियमनाच्या काळात, हे सगळे सांभाळायचे कोणी?

या पेशींची आणखी एक मर्यादा आहे, आणि ती समजली की कोणत्या उद्योगाने कोणते रिसेप्टर निवडावे हे आपोआप उलगडते. बी पेशी तेव्हाच ओरडते जेव्हा एकच वस्तू तिची अनेक प्रतिपिंडे एकत्र खेचते. जंतूच्या बाबतीत हे सहज घडते. पण दुधातील पेनिसिलिन, पाण्यातील कीटकनाशक किंवा संप्रेरक यांचा रेणू एवढा लहान असतो की तो एका वेळी एकाच प्रतिपिंडाला बिलगतो, आणि पेशी गप्प राहते. लहान रेणूंसाठी निसर्गाने वेगळे रिसेप्टर घडवले आहेत, आणि त्यांपैकी काही पेशीच्या पृष्ठभागावर नसून आत असतात.

इंग्लंडमधील नद्यांची गोष्ट याच प्रकारातील आहे. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांच्या खालच्या प्रवाहात पिंजऱ्यात ठेवलेल्या नर ट्राउट माशांच्या रक्तात व्हिटेलोजेनिन, म्हणजे मादीच्या अंड्यातील बलकासाठी लागणारे प्रथिन, मोठ्या प्रमाणात आढळले आणि हे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. पाण्यात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखे काहीतरी होते हे माशांनी सांगितले. काय होते हे मात्र सांगणे अवघड होते, कारण सांडपाण्यात हजारो रसायने असतात आणि रासायनिक विश्लेषण आपण ज्याचे नाव घेऊन शोधतो तेच दाखवते. राउटलेज आणि सम्प्टर यांनी १९९६ मध्ये वर्णन केलेल्या चाचणीत साध्या यीस्टमध्ये मानवी इस्ट्रोजेन रिसेप्टरचे जनुक बसवलेले होते. पाण्यात इस्ट्रोजेनसारखा कोणताही पदार्थ असेल तर तो रिसेप्टरला जाऊन बसतो, रिसेप्टर एका विकराचे जनुक चालू करतो आणि माध्यमाचा पिवळा रंग लाल होतो. या चाचणीच्या मदतीने सांडपाण्यातील घटक वेगवेगळे करून तपासले गेले, तेव्हा मानवी शरीरातून बाहेर पडणारी नैसर्गिक इस्ट्रोजेन आणि गर्भनिरोधक गोळ्यांतील इथिनिल इस्ट्राडायॉल हे मुख्य दोषी निघाले, तेही लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये मोजावे लागेल एवढ्या अल्प प्रमाणात. यीस्टवर आधारित अशा चाचण्यांसाठी २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकही प्रसिद्ध झाले.

रिसेप्टर हा पदार्थाचे नाव विचारत नाही, तो परिणाम विचारतो, ही या चाचणीची खरी ताकद आहे. दहा वेगवेगळी रसायने प्रत्येकी मर्यादेच्या आत असली, पण ती सर्व एकाच कुलपात बसणारी असली, तर रिसेप्टर त्यांची बेरीज करतो. प्रयोगशाळेतील महागडे यंत्र त्या प्रत्येक रसायनासमोर ‘मर्यादेत’ असे लिहून मोकळे होते. याच तर्काने युरोपात डायॉक्सिन या विषारी रसायनाची तपासणी बदलली. १९९९ मध्ये बेल्जियममध्ये कोंबड्यांच्या खाद्यातील चरबीत ट्रान्सफॉर्मरचे दूषित तेल मिसळले गेले, अंडी उबेनाशी झाली आणि प्रकरण बाहेर आल्यावर देशभर कोंबड्या व अंडी बाजारातून काढून घ्यावी लागली. डायॉक्सिनचे रासायनिक विश्लेषण वेळखाऊ आणि महाग असते, आणि तेव्हा हजारो नमुने रांगेत होते. डायॉक्सिन ज्या रिसेप्टरला बिलगून शरीरात घात करते, तोच रिसेप्टर असलेल्या उंदराच्या यकृतपेशींमध्ये काजव्याच्या प्रकाशाचे जनुक बसवून केलेली चाचणी खाद्याच्या पहिल्या चाळणीसाठी उपयोगी पडली, आणि आज युरोपीय संघाचे नियम खाद्य व अन्नाच्या प्राथमिक तपासणीत अशा पेशी-चाचण्यांना मान्यता देतात. संशयित नमुना मात्र शेवटी रसायनशास्त्रज्ञाकडेच जातो, कारण परिणाम दिसला तरी गुन्हेगाराचे नाव पेशी सांगू शकत नाही. उलटही घडते: सांडपाणी इतके विषारी असेल की यीस्टच मरून जाईल, तर रंग बदलत नाही, आणि निष्काळजी माणूस त्याला ‘स्वच्छ’ समजतो. म्हणून अशा प्रत्येक चाचणीत पेशी जिवंत आहेत ना, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते.

औषधनिर्मितीत हीच वाट आधी सशातून आणि मग खेकड्यातून गेली. टोचण्याच्या औषधात ताप आणणारे जिवाणूंचे अंश आहेत का हे पूर्वी सशाला टोचून पाहत. नंतर हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्याच्या निळ्या रक्तातील पेशींचा अर्क त्यासाठी वापरात आला. आणि २०१० पासून युरोपीय औषधकोशात मानवी मोनोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींवर आधारित चाचणीही समाविष्ट आहे, ज्यात आपल्याला ताप आणणारे टोल-सदृश रिसेप्टरच ताप येईल की नाही ते सांगतात. खाद्यउद्योगात सॅन दिएगो येथील सेनॉमिक्स या कंपनीने मानवी चवीचे रिसेप्टर प्रयोगशाळेतील पेशींत बसवून गोड आणि खमंग चव वाढवणारे पदार्थ शोधले. २०१८ मध्ये ती कंपनी फर्मेनिश या सुगंध-स्वाद उद्योगाने विकत घेतली. तिथे पेशी बाजारात जात नाहीत, प्रयोगशाळेतच राहतात, म्हणून त्या टिकवण्याचा प्रश्न सौम्य होतो, आणि मला वाटते की आजवरचे मोठे व्यावसायिक यश याच कारणाने अशा बंदिस्त जागांत मिळाले आहे.

नाकाचा विषय निघाला की सर्वांचे डोळे चमकतात. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये गंधाच्या रिसेप्टरांचे विशाल जनुककुल शोधले आणि त्यांना २००४ चे नोबेल मिळाले. माणसात असे सुमारे चारशे रिसेप्टर कार्यरत असतात, उंदरात हजाराच्या घरात. ते सर्व एका चकतीवर मांडून यांत्रिक नाक बनवावे, हे स्वप्न तेव्हापासूनचे आहे. प्रत्यक्षात सस्तन प्राण्यांचे गंध-रिसेप्टर परक्या पेशीत बसवले की पृष्ठभागापर्यंत पोहोचतच नाहीत, आतच अडकतात. त्यांना वर आणणारी साहाय्यक प्रथिने २००४ मध्ये सापडली तेव्हा कुठे काम पुढे सरकले, आणि मानवी गंध-रिसेप्टरची त्रिमितीय रचना तर २०२३ मध्ये प्रथम दिसली. कीटकांनी मात्र वाट सोपी करून दिली. त्यांचे गंध-रिसेप्टर आपल्या रिसेप्टरांसारखे लांबलचक निरोप-साखळीतून बोलत नाहीत. २००८ मध्ये दिसून आले की गंध लागताच ते स्वतःच दार उघडतात आणि विद्युतभारित कण आत सोडतात. म्हणजे ओळख आणि आरोळी एकाच प्रथिनात! टोकियो विद्यापीठातील ताकेउची शोजी यांच्या गटाने २०१० मध्ये बेडकाच्या अंडपेशींत असे रिसेप्टर बसवून गंध मोजून दाखवला, आणि नंतर जिवंत पेशी पूर्णपणे वगळून केवळ मेदाच्या पातळ पडद्यात ते रोवले. आण्णांच्या प्रश्नाला इतके चांगले उत्तर मी दुसरीकडे पाहिलेले नाही: पेशी नाही, तरीही आरोळी आहे. असा पडदा नाजूक असतो आणि तो किती काळ टिकवता येतो यावर पुढचे सगळे अवलंबून आहे, तरी दिशा मला योग्य वाटते.

दुसरी आशादायक दिशा यीस्टची, कारण सुके यीस्ट किराणा दुकानाच्या फळीवर महिनोन्‌महिने टिकते हे प्रत्येक घराला माहीत आहे. कोलंबिया विद्यापीठातील व्हर्जिनिया कॉर्निश यांच्या गटाने २०१७ मध्ये याचा सुंदर उपयोग केला. बुरशी एकमेकींना जोडीदार म्हणून शोधण्यासाठी विशिष्ट पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखे छोटे रेणू, सोडतात आणि ते ओळखणारा रिसेप्टर त्यांच्या पृष्ठभागावर असतो. या गटाने पाव फुगवणाऱ्या यीस्टमधील मूळ रिसेप्टर काढून त्या जागी रोगकारक बुरशींचे रिसेप्टर बसवले, आणि संदेश मिळताच टोमॅटोला लाल रंग देणारे लायकोपिन तयार होईल अशी योजना केली. उत्तर डोळ्यांनी दिसते, यंत्र लागत नाही. त्यांनी निवडलेल्या बुरशींमध्ये माणसांना रोग करणाऱ्या कँडिडाबरोबर भातावरील करप्याची बुरशीही होती, आणि कोकणातील भातशेतकऱ्याला करपा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. लाल रंग दिसायला मिनिटे नव्हे तर तास लागतात; पण फवारणी करायची की नाही हा निर्णय घ्यायला तेवढा वेळ शेतकऱ्याकडे असतो. पत्र उघडणाऱ्याचा प्रश्न वेगळा आणि भातशेतकऱ्याचा वेगळा, म्हणून एका ठिकाणी लाडावलेली बी पेशी शोभते आणि दुसरीकडे काटक यीस्ट.

अशी यीस्टची पुडी भारतात शेतावर द्यायची तर पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ चे नियम लागू होतात, कारण ती जनुकीय बदल केलेला जिवंत सूक्ष्मजीव आहे. हे नियम योग्य आहेत आणि त्यांना वळसा घालावा असे मला मुळीच वाटत नाही. त्यामुळे आपल्याकडे नजीकच्या काळात ज्यावर भर द्यावा ती वाट मला पट्टीचीच दिसते: पेशीतून रिसेप्टर वेगळा काढायचा, सुकवायचा, आणि जिवंत पेशी प्रयोगशाळेच्या चार भिंतींत ठेवायच्या. घरोघरी पोहोचलेला परिचित जैवसंवेदक, म्हणजे रक्तशर्करा मोजण्याची पट्टी, हीदेखील सुकलेल्या विकरावरच चालते, आणि लीलँड क्लार्क यांनी १९६२ मध्ये तिची मूळ कल्पना मांडल्यापासून ती लोकांच्या हाती यायला पंचवीस वर्षे गेली. त्यातील बराच काळ ओळख सुधारण्यात नव्हे, तर पट्टी स्वस्त, लहान आणि टिकाऊ करण्यात गेला.

म्हणून यंदा माझ्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी मी एक साधा प्रकल्प ठरवला आहे. दुधाच्या तपासणीच्या पट्ट्यांच्या एकाच खेपेतील चार डब्या घ्यायच्या. एक प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये, एक आमच्या गावच्या संस्थेच्या कपाटात, एक खिडकीजवळ आणि एक दूध गोळा करणाऱ्या पिकअपच्या डॅशबोर्डवर ठेवायची. दर आठवड्याला प्रत्येक डबीतील पट्ट्या दोन नमुन्यांवर तपासायच्या, एक औषधविरहित दुधाचा आणि एक किलोमागे ४ मायक्रोग्रॅम पेनिसिलिन मिसळलेल्या दुधाचा, आणि स्वच्छ दुधात रेघ कधी फिकट पडू लागते त्याची नोंद ठेवायची. आण्णा आता पंचाहत्तर वर्षांचे आहेत. कपाटातल्या डबीची नोंदवही त्यांनी स्वतःकडे मागून घेतली आहे, आणि पहिली रेघ एक मे रोजी, सकाळच्या संकलनानंतर, तेच पाहणार आहेत.